चाल गावाची, नाव धर्माचे

कोल्हापूर शहराची वेस ओलांडून हुपरीच्या रस्त्याला लागले की पहिले मोठे गाव लागते ते उचगाव. एका अंगाला पुणे-बंगळूर महामार्ग, दुसऱ्या अंगाला गांधीनगरची कापडपेठ आणि पलीकडे उजळाईवाडीचा विमानतळ, अशा कोंडाळ्यात सापडलेले हे गाव धड खेडे राहिलेले नाही आणि धड शहरही झालेले नाही. जेथे काल ऊस उभा होता तेथे आज भाड्याच्या खोल्या उभ्या आहेत. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत जाणारा कामगार, गांधीनगरच्या दुकानातील नोकर, शहरातल्या शाळेत शिकवणारा शिक्षक आणि पिढ्यान्‌पिढ्या येथेच नांदलेला शेतकरी एकाच गल्लीत राहतात. हिंदू धर्माच्या मूलभूत श्रद्धा कोणत्या, त्याचे आचार कोणते आणि त्यांना आधार कशाचा, या प्रश्नांचे उत्तर ग्रंथालयात बसून शोधण्याऐवजी अशा गावात उभे राहून शोधले, तर ते पुष्कळच निराळे मिळते.

ग्रंथातील उत्तर सर्वांना ठाऊक आहे. वेदांचे प्रामाण्य, कर्म आणि पुनर्जन्म, चार पुरुषार्थ, सोळा संस्कार, देव-ऋषी-पितरांची ऋणे. हे उत्तर चुकीचे नाही. परंतु उचगावच्या गल्लीतील माणसाचे धर्मजीवन या यादीवर चालत नाही. तो चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठीमागे जातो, दसऱ्यानंतर पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत मिसळतो, नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाच्या रांगेत उभा राहतो, मार्गशीर्षात सौंदत्तीची गाडी धरतो. शेजारच्या गांधीनगरात फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबे झुलेलालाचा चेटीचंड साजरा करतात. तीही हिंदूच, आणि त्यांच्या रीती अगदी वेगळ्या. या धर्माला एक ग्रंथ नाही, एक पीठ नाही, एक आज्ञा नाही. जे आहे ते घरोघरचे कुलाचार, जातीजातींचे लोकाचार आणि गावोगावच्या चाली. अडचण अशी की ही चाल जेव्हा कोणाला काचू लागते आणि तो तक्रार करतो, तेव्हा तिला चाल म्हटले जात नाही. तेव्हा ती एकाएकी ‘धर्म’ होते.

या भागातील देवस्थानांचे रंग या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. जोतिबाचा रंग गुलालाचा. चैत्र पौर्णिमेला वाडी रत्नागिरीचा सारा डोंगर गुलाबी होतो आणि तो गुलाल कोणाच्या अंगावर पडावा, कोणाच्या पडू नये, याचा निवाडा कोणी करीत नाही. पट्टणकोडोलीचा रंग भंडाऱ्याचा. तेथे हळदीची जी उधळण होते तीत धनगर, मराठा, लिंगायत, म्हातारा, पोर, सधवा, विधवा सारे सारखेच पिवळे होऊन घरी परततात. अंबाबाईचा रंग कुंकवाचा. आणि हा एकच रंग असा आहे की जो कपाळावर टेकण्यापूर्वी विचारतो, नवरा आहे काय? देवीने तो प्रश्न विचारल्याचे कोणी ऐकलेले नाही. विचारतात ती माणसे, आणि बहुधा बायकाच. गुलालाने आणि भंडाऱ्याने जिला आपले मानले, तिलाच हळदीकुंकवाच्या बैठकीत दाराआड बसावे लागते. एकाच धर्माच्या, एकाच जिल्ह्याच्या परिसरातील या आचारांत ही विसंगती कोठून आली?

हा प्रश्न कोल्हापूर जिल्ह्याने चार भिंतींत न विचारता चव्हाट्यावर विचारला, ही गोष्ट आता महाराष्ट्राला ठाऊक झाली आहे. शिरोळ तालुक्यातील, कुरुंदवाडजवळच्या हेरवाड या गावाने ४ मे २०२२ रोजी ग्रामसभेत ठराव केला. पतीच्या निधनानंतर पत्नीचे कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे, पायातील जोडवी काढणे आणि तिला धार्मिक व सामाजिक कार्यक्रमांपासून दूर ठेवणे, हे सारे गावाने बंद करावे, असा तो ठराव. मांडला एका स्त्रीने, अनुमोदन दिले तेही स्त्रीनेच. कोविडच्या साथीने जी घरे उघडी पडली होती त्यांचे दुःख अजून ओले होते. शाहू महाराजांच्या निधनाला दोनच दिवसांनी, ६ मे रोजी, शंभर वर्षे पूर्ण व्हायची होती आणि ठरावामागे त्या स्मृतीचीही प्रेरणा होती. त्याच महिन्यात राज्याच्या ग्रामविकास खात्याने हेरवाडचे अनुकरण करावे असे परिपत्रक सर्व ग्रामपंचायतींसाठी काढले. पाठोपाठ ठराव करणाऱ्या गावांत हातकणंगले तालुक्यातील माणगाव होते. २१ आणि २२ मार्च १९२० रोजी डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली, शाहू महाराजांच्या उपस्थितीत ज्या माणगावात बहिष्कृत वर्गाची परिषद भरली, तेच हे माणगाव.

या ठरावावर जो आक्षेप घेतला गेला, आणि आजही दबक्या आवाजात घेतला जातो, तो असा की ग्रामपंचायतीने रस्ते, गटारे आणि दिवाबत्ती पाहावी, धर्मात हात घालू नये. आक्षेप ऐकायला वजनदार वाटतो. परंतु तो घेणाऱ्याने आधी एवढे सांगितले पाहिजे की बांगड्या फोडण्याची आज्ञा धर्माने कोठे दिली.

अंत्येष्टीच्या विधीचे सर्वांत जुने साक्षीदार म्हणजे ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अठरावे सूक्त. तेथे मृत पतीजवळ असलेल्या स्त्रीला उठवून जिवंतांच्या जगाकडे परत फिरण्यास सांगितले आहे. जो धर्म आपल्या आरंभीच्या वाङ्मयात विधवेला हात धरून उठवतो, त्याच्या नावाने पुढे तिला कोपऱ्यात बसवले गेले, हा प्रवास मोठा आहे आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. स्मृतींनी विधवेला व्रतस्थ जीवन सांगितले, मनुस्मृतीने तिच्या पुनर्विवाहाला विरोध केला, हे खरे. पराशरस्मृतीने विशिष्ट आपत्तींत स्त्रीला दुसरा पती करण्याची मोकळीक दिली, हेही तितकेच खरे; ईश्वरचंद्र विद्यासागरांनी १८५५ मध्ये याच आधारावर आपली बाजू मांडली आणि १८५६ मध्ये पुनर्विवाहाचा कायदा झाला. विधवांच्या केशवपनाची चाल तर महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्यासारख्या धर्मशास्त्राच्या सर्वांत मोठ्या अभ्यासकाने उत्तरकालीन ठरवली आहे. म्हणजे शास्त्र एकमुखी नाही. ज्याला जे हवे ते त्यात सापडते.

शास्त्रकारांना ही अडचण दिसत नव्हती असे मात्र कोणी समजू नये. धर्माची प्रमाणे सांगताना त्यांनी श्रुती आणि स्मृती यांच्या पंक्तीला सज्जनांचा आचार बसवला. याज्ञवल्क्याने तर त्याहून पुढचे पाऊल टाकले. एखादी गोष्ट धर्म्य असली, तरी लोकांना ती नकोशी झाली असेल तर ती आचरू नये, असे त्याचे स्पष्ट सांगणे आहे. निबंधकारांनी या तत्त्वाचा सढळ वापर केला. ‘कलिवर्ज्य’ या नावाखाली त्यांनी अशा कितीतरी गोष्टींची यादी केली की ज्या पूर्वी धर्माला मान्य होत्या आणि पुढे वर्ज्य ठरल्या. नियोग त्यात गेला आणि, दुर्दैवाने, विधवेचा पुनर्विवाहही त्यातच गेला. ज्या हातांनी एक दार बंद केले ते हात माणसांचे होते, ही गोष्ट येथे महत्त्वाची. हेरवाडच्या ग्रामस्थांनी याज्ञवल्क्य वाचून ठराव केला असे म्हणणे हास्यास्पद होईल. तथापि गावाने एकत्र बसून ‘ही चाल आम्हांस नको’ असे म्हणणे हे परंपरेच्या बाहेरचे कृत्य आहे, हे म्हणणे त्याहूनही हास्यास्पद आहे. लोकांना नकोसे झालेले टाकून देण्याचा अधिकार परंपरेनेच लोकांच्या हाती ठेवला होता. हेरवाडने तो वापरला, इतकेच.

दुसरा मुद्दा जातींचा आहे, आणि तो सहसा कोणी बोलून दाखवीत नाही. विधवेने उभा जन्म पांढऱ्या कपाळाने काढावा ही ‘हिंदूंची’ सनातन चाल असल्याचा जो समज आहे, तो महाराष्ट्राच्या इतिहासाशी जुळत नाही. शेतकरी, कारागीर, गुरेढोरे राखणाऱ्या अशा बहुसंख्य जातींत विधवेचा पाट लावण्याची, म्हणजेच मोहतूर लावण्याची, रीत उघडपणे होती. गावची पंचायत त्याला मान्यता देई आणि त्या स्त्रीचा संसार पुन्हा सुरू होई. पाट ज्यांच्यात लागत नसे ती घराणी वरच्या पायरीवरची, कुलीन मानली जात. मग झाले असे की ज्याची सांपत्तिक स्थिती सुधारली त्याने प्रथम वाडा बांधला आणि नंतर घरातील पाट बंद केला. प्रतिष्ठेची ही खूण जसजशी खाली झिरपत गेली तसतशी विधवेची कोंडीही खाली झिरपली. आज ज्याला पूर्वापार म्हटले जाते ते अनेक घरांत दोन-तीन पिढ्यांपलीकडे जात नाही. शिरोळ-हातकणंगल्याच्या पट्ट्यात तर जैन आणि लिंगायत समाज मोठा आहे आणि बांगड्या फोडण्याची चाल त्यांच्या घरांतही शिरलेली आढळते. बाराव्या शतकात बसवण्णांनी ज्यांना सूतक पाळू नका असे शिकवले, त्यांच्या अनुयायांच्या घरातही जर हे घडत असेल, तर ही चाल एखाद्या धर्माच्या तत्त्वज्ञानातून आली असे कसे म्हणावे? शेजाऱ्याचे पाहून शेजाऱ्याने उचललेली ती गोष्ट आहे.

कोल्हापूरपुरते बोलायचे तर या नगरीची गादीच एका विधवेने उभी केली. १७०० साली राजाराम महाराज निवर्तले आणि ताराबाईंनी सात वर्षे औरंगजेबाशी झुंज दिली. पुढे जिजाबाईंनीही पतीच्या पश्चात १७७३ पर्यंत करवीरचा कारभार सांभाळला. उचगावहून शहरात शिरताना कावळा नाक्यावर घोड्यावर स्वार असलेल्या ताराराणींचा पुतळा दिसतो. त्या चौकाला, पक्षाला, शाळेला, मंडळाला त्यांचे नाव देण्यात कोल्हापूरकरांना सार्थ अभिमान वाटतो. पण त्याच चौकातून वरात जाताना वराची विधवा आई मागच्या गाडीत बसलेली असते आणि औक्षणाचे तबक मावशीच्या हाती असते. सत्तेचे खाते आणि मांगल्याचे खाते या समाजाने कायम वेगवेगळे ठेवले. विधवेला राज्य करता येते. मुलाला ओवाळता येत नाही.

हे दुसरे खाते उघडण्याचा प्रयत्न ज्यांनी केला त्यांना तो स्वतःच्या घरापासून करावा लागला. शाहू महाराजांची आठवण होते ती येथे. वेदोक्त प्रकरणाने, १८९९ च्या कार्तिकस्नानापासून, त्यांना एक गोष्ट शिकवली होती: ज्याच्या हाती मंत्र त्याच्या हाती माणसाची पायरी. त्या धड्यातून पुढे २६ जुलै १९०२ चा पन्नास टक्के जागांचा जाहीरनामा आला, १९२० मध्ये स्वतंत्र क्षात्रजगद्गुरूंचे पीठ आले. धर्मसत्ता कोणाकडे असावी हे ठरवून बदलता येते, हे या संस्थानाने त्या वीस वर्षांत पाहिले. १९१७ साली कोल्हापुरात विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा झाला. पुढच्याच वर्षी, १९१८ मध्ये, महाराजांचे धाकटे चिरंजीव शिवाजी यांचा शिकारीतील अपघातात अंत झाला आणि सून इंदुमतीदेवी अगदी कोवळ्या वयात विधवा झाल्या. कायदा दुसऱ्यांसाठी करणे सोपे असते. आता तो प्रश्न उंबऱ्याच्या आत आला होता. महाराजांनी सुनेला राजवाड्याच्या रीतीरिवाजांपासून दूर, सोनतळीला ठेवून शिक्षण देण्याची व्यवस्था केली. पुत्रशोकात बुडालेल्या पित्याने सुनेच्या हाती जपमाळ न देता पुस्तक दिले. कोल्हापुरातील समतेच्या साऱ्या भाषणांत ही गोष्ट जेवढी सांगितली जायला हवी तेवढी सांगितली जात नाही. टाळ्या जाहीरनाम्याला मिळतात.

महाराष्ट्रात अशी उदाहरणे एकटीदुकटी नाहीत. जोतीराव व सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये विधवेशी विवाह करून समाजाचा बहिष्कार पत्करला. पण ती एकेका धैर्यवान माणसाची कामे होती. हेरवाडचे वेगळेपण यात की तेथे धैर्य वाटून घेतले गेले. एका घराने चाल मोडली तर भावकी त्या घराला गाठते. साऱ्या गावाने मोडली तर गाठणार कोण?

आणि नेमके येथेच उचगावसारख्या गावाचा प्रश्न हेरवाडपेक्षा अवघड होतो. ग्रामसभेची गणपूर्ती कायद्याप्रमाणे एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल तिने होते. छोट्या गावात शंभर माणसे म्हणजे जवळजवळ शंभर घरे. हजारो मतदारांच्या गावात शंभर माणसे म्हणजे एखादी गल्ली. असा ठराव उचगावसारख्या ठिकाणी हात वर करून एका सभेत सहज संमत होईल. त्याची बातमी येईल, छायाचित्र येईल. परंतु भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कामगाराला मृत्यू आला तर त्याचे कलेवर बहुधा मूळ गावी नेतात. दहावा तेथे होतो, बांगड्या तेथे फुटतात. महिन्या-दीड महिन्याने ती स्त्री पोराबाळांना घेऊन पुन्हा त्याच खोलीत येते, कारण पोटाची सोय इथे असते. उचगावच्या ठरावाला तिच्या गावचा नदीकाठ दिसत नाही.

या अर्धशहरी वस्तीत मग एक नवाच आचार जन्माला आला आहे. कामावर जाताना ती कपाळावर टिकली लावते, गावाकडच्या गाडीत बसताना ती काढते. काहीजणी मंगळसूत्र काढीतच नाहीत. त्यात बंडाचा भाग थोडा आणि बंदोबस्ताचा जास्त. एकट्या बाईला खोली देताना घरमालक चार प्रश्न जास्त विचारतो. गळ्यातले काळे मणी त्यांतले निम्मे प्रश्न परस्पर मिटवतात. जो अलंकार सौभाग्याची खूण म्हणून दिला गेला तो आता निव्वळ कुलपासारखा वापरला जातो. धर्माभिमान्यांना याचे वाईट वाटत असेल तर त्यांनी ते जरूर वाटून घ्यावे. मात्र त्याबद्दल त्या बाईला दोष देता येणार नाही.

ठरावाच्या बाजूच्या मंडळींनाही एक गोष्ट ऐकवायला हवी. गेल्या काही वर्षांत विधवांना व्यासपीठावर बोलावून, हळदीकुंकू लावून, ओटी भरून त्यांचा सन्मान करण्याचे समारंभ जागोजाग होऊ लागले. हेतू चांगला. पण त्या समारंभांतून नकळत असा अर्थ निघतो की स्त्रीचा मान कुंकवात आहे, म्हणून जिला ते नव्हते तिला ते परत दिले. जिच्या मनातून ते लावण्याची इच्छाच उरलेली नाही, जी आपल्या दुःखाने, आपल्या हाताने बांगड्या उतरवते, तिचे काय? तिला पुन्हा व्यासपीठावर ओढून कुंकू लावणे ही जुन्याच जबरदस्तीची उलटी बाजू झाली. स्वतः पत्करलेले वैराग्य आणि चार जणींनी हात धरून लादलेले वैराग्य यांतला फरक हेरवाडच्या ठरावाच्या मुळाशी आहे. समारंभाच्या घाईत तो हरवता कामा नये.

शब्दांच्या बाबतीतही हीच गल्लत झाली. एप्रिल २०२३ मध्ये ‘विधवा’ या शब्दाऐवजी ‘गंगा भागीरथी’ हा शब्द शासनव्यवहारात वापरावा असा प्रस्ताव राज्य सरकारच्या पातळीवर पुढे आला आणि त्यावर टीकेची झोड उठली. ती रास्तच होती. लग्नपत्रिकेतील ‘गं. भा.’ ही दोन अक्षरे घराघरांतील लेकीसुनांनी पिढ्यान्‌पिढ्या वाचली आहेत. ‘सौ.’च्या रांगेत ती आली की त्या नावाचे काय झाले आहे, ते चुलत्याच्या चुलत्यालाही कळते. नदीचे पवित्र नाव दिल्याने रांग बदलत नाही. पुरुषाच्या नावामागे तो विधुर असल्याची कोणतीच अक्षरे लागत नाहीत, हे पत्रिकेचा मजकूर लिहिणाऱ्या कारकुनालाही ठाऊक असते आणि शाळेच्या दाखल्यावर सही करणाऱ्या मुख्याध्यापकालाही.

या साऱ्या आचारामागे आणखी एक रोकडी बाजू आहे. हिंदू वारसा कायदा १९५६ साली आला आणि विधवेला पतीच्या मालमत्तेत पूर्ण मालकीचा वाटा मिळाला. परंतु वाटा मागायला माणूस चारचौघांत येऊ शकला पाहिजे. जिला दहाव्या दिवशी सर्वांसमक्ष अशुभ ठरवले, जिने मंगलकार्यात पुढे यायचे नाही, तिने वारसनोंदीच्या वेळी दिरासमोर ठामपणे उभे राहावे अशी अपेक्षा कशी करायची? उचगावसारख्या गावात, जेथे शेताचा गुंठा आता एकराच्या जुन्या भावाने विकला जातो, तेथे विधवेचे मौन कोणाच्या तरी पथ्यावर पडते. हक्कसोडपत्रावर अंगठा उठवण्याआधी तिचा आवाज काढून घेतलेला असतो. बांगड्या फुटण्याचा आवाज आणि दप्तरातील फेरफार यांचा संबंध ज्यांना दिसत नाही त्यांनी आपल्याच भावकीतील एखादा सातबारा काढून पाहावा.

सौंदत्तीच्या यात्रेचा उल्लेख आरंभी झाला. कोल्हापूर भागातून हजारो लोक मार्गशीर्षात यल्लम्माच्या डोंगरावर जातात. त्या पौर्णिमेला या भागात रांडाव पुनव म्हणतात. जमदग्नींचा वध झाला, देवी विधवा झाली, म्हणून त्या दिवशी तिचा चुडा उतरतो. पुढच्या पौर्णिमांत तीच देवी पुन्हा अहेव होते, पुन्हा हिरवा चुडा भरते आणि भक्त आनंद करतात. दरवर्षी हे घडते, दरवर्षी लोक ते श्रद्धेने पाहतात, आणि यात्रेहून घरी आल्यावर आपल्या उंबऱ्याआड बसलेल्या विधवा वहिनीला मात्र जन्मभराचा रांडाव पाळायला लावतात. देवीला काही आठवड्यांत मोकळे करणारी श्रद्धा बाईला चाळीस वर्षे धरून ठेवते. ज्यांना हिंदू श्रद्धेचा खरा कल कोणता हे पाहायचे असेल, त्यांनी पोथी बाजूला ठेवून या दोन पौर्णिमा पाहाव्यात.

हेरवाडच्या ठरावाला शिक्षेचे बळ नाही, त्यासाठी स्वतंत्र कायदा करावा, अशी मागणी होते. मागणी गैर नाही. दक्षिणेकडून उत्तरेपर्यंत कोठेच धर्मसुधारणा केवळ मनपरिवर्तनाने झालेली नाही, आणि २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने निदान पोलीस ठाण्याचा दरवाजा उघडला, हा अनुभव ताजा आहे. तरीही प्रेताजवळ बसलेल्या बायकांच्या कोंडाळ्यात पोलीस शिपाई काय करणार, हा प्रश्न उरतो. कुंकू पुसण्याचे आणि बांगड्या फोडण्याचे ते काम परंपरेने पुरुषाकडे नाही. ते बहुतेक ठिकाणी घरातल्या किंवा गल्लीतल्या वडीलधाऱ्या विधवेकडे सोपवलेले असते. जिच्या स्वतःच्या बांगड्या कधीकाळी तशाच फोडल्या गेल्या, तिनेच पुढच्या बाईचा हात धरायचा, अशी ही रचना आहे. तिने हात धरायचे नाकारले, तर कोणत्याही भटजीला किंवा भावकीला ते काम पुरे करता येणार नाही. कारण दुसऱ्या कोणाच्या हातून ते करण्याची रीतच नाही.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत उचगावच्या गल्ल्यांत हळदीकुंकू चालू असते. कोणाकडे बोलावणे करायचे याची यादी घरातल्या बायका आदल्या दिवशी दुपारी बसून करतात. त्या यादीत शेजारच्या खोलीतील कामगाराच्या विधवेचे नाव घालायचे की नाही, हे त्याच दुपारी ठरते. त्यासाठी ग्रामसभा बोलवावी लागत नाही आणि गणपूर्तीही लागत नाही.